मुलगी पुढच्या वर्षी सीनियर होणार, कॉलेजं बघायला कधी आणि कशी न्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीत ज्युनियर, म्हणजे अकरावीत आहे, सप्टेंबरात सीनियर, म्हणजे बारावीत जाईल. तुम्ही दोघं महाराष्ट्रात शिकलात, त्यामुळे इथलं कॉलेज आतून पाहिलेलं नाही. मिस्टर म्हणतात सगळं यूट्यूबवर दिसतं, हॉटेल-पेट्रोलचा खर्च कशाला? मुलगी अजून एच-फोरवर, म्हणजे पालकांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे. कॉलेजचा विषय निघाला की घरात दारं आपटतात. आणि ऑगस्टमध्ये सासूसासरे येतायत, त्यांनाही न्यावं का?

मी याच राज्यात राहते. थोरला कॉलेजात आहे, धाकटी तुमच्या मुलीच्याच इयत्तेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कॉलेज बघायला गेलो की प्रवेश मिळायला मदत होते, ही समजूत बऱ्याच ठिकाणी फुकाची आहे. कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक तक्ता प्रसिद्ध करतात. बहुतेकांचा कॉलेजच्या नावासकट गुगल केलं की सापडतो. त्यात सी-सेव्हन हा भाग बघा. निवड करताना कशाला किती महत्त्व देतो, हे तिथे कॉलेजनेच खुणा करून सांगितलेलं असतं. त्यात अर्जदाराने किती रस दाखवला याचीही एक ओळ असते. तिथे ‘नॉट कन्सिडर्ड’वर खूण असेल तर तुम्ही तिथे दहा वेळा जा, नाहीतर एकदाही जाऊ नका, निवडीत काही फरक पडत नाही. खूण दुसरीकडे असेल तर नोंद महत्त्वाची. मग मुलीने स्वतःच्या ईमेलवरून नोंदणी करून ऑनलाइन माहितीसत्राला बसणं हीसुद्धा नोंदच असते. नोंदणीत तुमचा ईमेल मात्र घालू नका, नाहीतर पुढची सगळी पत्रं तुम्हाला येतील आणि तिच्या नावापुढे काहीच दिसणार नाही.

मग जायचं कशासाठी? चार वर्षं काढायची जागा निवडण्यासाठी. ती व्हिडिओत कळत नाही. तिथे पाऊस कधी पडत नसतो आणि दोन वर्गांमधलं अंतर कुणी चालून दाखवत नाही.

पण गाडी काढण्याआधी एक काम करा, आणि माझ्या मते या सगळ्यात हेच सर्वात महत्त्वाचं आहे. घरी बसून मुलीला आकडा सांगा. दरवर्षी आपण इतके डॉलर देऊ शकतो, त्यापलीकडे नाही. आपल्या घरांत हे बोलणं होत नाही. ‘तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो’ हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो, आणि एप्रिलमध्ये प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर तेच पोरीच्या अंगावर येतं. नावाजलेल्या खासगी कॉलेजांपैकी कित्येकांचा छापील खर्च आता वर्षाला 90 हजार डॉलरच्या पुढे गेलाय. आपल्या राज्याच्या सरकारी विद्यापीठात, रटगर्समध्ये, इन-स्टेट म्हणजे राज्यातल्याच विद्यार्थ्याला फी आणि राहणं-जेवण धरून तीस हजारांहून जास्त लागतात. या दोन आकड्यांच्या मध्ये तुमचं घर कुठे बसतं हे तिला सतराव्या वर्षी नक्की कळतं. न सांगितल्यामुळेच ती चिडते. दारं आपटण्यामागे निम्मं कारण हेच असावं असा माझा अंदाज.

एच-फोरमुळे तुमचं गणित आणखी वेगळं आहे. इथल्या केंद्र सरकारची मदत, म्हणजे फॅफ्सा नावाचा अर्ज भरून मिळते ती, मुख्यतः नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना आहे. एच-फोरच्या मुलांना ती मिळत नाही. मदत वजा जाता तुम्हाला किती भरावे लागतील ते सांगणारा ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ कॉलेजांच्या वेबसाइटवर असतो, तो बहुतेक वेळा नागरिक धरून आकडा काढतो, त्यावर विसंबू नका. बऱ्याच खासगी कॉलेजांत मदतीपुरतं तुमच्या मुलीला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांत धरतील. इन-स्टेट फी लागू होते का, याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. ते व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका, कॉलेजच्या रेसिडेन्सी, म्हणजे राज्यातलं वास्तव्य, बघणाऱ्या ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

दुसरं, 21 वर्षं पूर्ण झाली की एच-फोर संपतं. अठराव्या वर्षी कॉलेजात गेलेल्या मुलीच्या बाबतीत ते साधारण तिसऱ्या वर्षात येतं. तोवर ग्रीन कार्ड झालं नाही तर एफ-वन (विद्यार्थ्यांचा व्हिसा) घ्यावं लागतं, आणि त्याची तयारी वाढदिवसाच्या बरीच आधी सुरू करावी लागते. तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही: एच-फोरवरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही. लायब्ररीतली विद्यार्थ्यांची नोकरी नाही, उन्हाळ्यातली पगारी इंटर्नशिप नाही. नॉर्थईस्टर्न आणि ड्रेक्सेलसारख्या कॉलेजांचं तर नावच को-ऑपवर चालतं, म्हणजे शिकता शिकता काही महिने कंपनीत पूर्णवेळ नोकरी. तुमच्या मुलीला तिथे जायचं असेल तर एफ-वन कधी घ्यायचं हे आधीच ठरवावं लागेल, कारण एफ-वनवरही अशा कामाची परवानगी सहसा एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावरच मिळते. हे टूर देणाऱ्या पोराला विचारून उपयोग नाही, त्याला ठाऊक नसतं. त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात भेटीची वेळ घ्या. मला विचाराल तर कॅम्पस टूरपेक्षा ही वीस मिनिटं तुमच्या घराला जास्त उपयोगाची.

आता कुठून सुरुवात? काखेत कळसा आणि गावाला वळसा घालू नका, रटगर्सपासूनच सुरू करा. जाण्याआधी ‘ते काय, जवळच आहे’ म्हणून नाक मुरडणारी बरीच मुलं पाहिली आहेत. न्यू ब्रन्सविकचं रटगर्स म्हणजे एक कॅम्पस नाही. कॉलेज ॲव्हेन्यू आणि कुक-डग्लस हे भाग रॅरिटन नदीच्या अलीकडे, बुश आणि लिव्हिंग्स्टन नदी ओलांडून पिस्कॅटवेत. इंजिनियरिंग बुशवर. म्हणजे सकाळचा एक वर्ग इकडे, पुढचा तिकडे आणि मध्ये बस. काही मुलांना यात मजा वाटते, काहींचा जीव मेटाकुटीला येतो. तुमची कुठली, ते त्या बसमध्ये चढल्याशिवाय कळणार नाही, म्हणून नुसती टूर घेऊन परत येऊ नका, बसने फिरा. मोठं सरकारी विद्यापीठ कसं असतं याचा अंदाज इथेच येतो. मग टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) किंवा स्टीव्हन्ससारखं लहान एखादं बघा. नंतर एक दिवस फिलाडेल्फियाला जा, पेन (युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया) आणि ड्रेक्सेल अगदी एकमेकांना लागून आहेत, एका दिवसात दोन्ही होतात आणि भर शहरातलं कॉलेज म्हणजे काय तेही दिसतं. मोठं, लहान, शहरी, निवांत यातलं काय रुचतं हे एकदा ठरलं की यादी आपोआप अर्धी होते. विमानाचं तिकीट काढून कॅलिफोर्नियाला जायची घाई मुळीच नको. प्रवेश मिळाल्यावर एप्रिलमध्ये ‘ॲडमिटेड स्टुडंट्स डे’ असतात, लांबची कॉलेजं तेव्हा पाहिली तरी चालतात.

कधी जायचं? कॉलेज चालू असताना. ज्युनियर वर्षाचा स्प्रिंग ब्रेक सगळ्यात चांगला, एप्रिल-मेचे शनिवारही चालतात, पण कॉलेजची परीक्षा आणि सुट्टी कधी ते आधी बघा. मेच्या मध्यापासून बरीच कॉलेजं रिकामी होतात. जुलैत गेलात तर इमारती दिसतील आणि तुमच्यासारखेच इतर पालक भेटतील. नोव्हेंबरात एनजेईए या शिक्षक संघटनेच्या अधिवेशनासाठी आपल्या शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, तेव्हा निम्मं न्यू जर्सी टूरवर असतं. नोंदणी लवकर करा. पण ती सुट्टी बहुधा 1 नोव्हेंबरनंतर येते, म्हणजे लवकरच्या मुदतीचा ‘अर्ली’ अर्ज गेलेला असतो. ज्या कॉलेजला अर्ली डिसिजनने अर्ज करायचा विचार आहे, ते त्याआधीच पाहून झालेलं हवं. अर्ली डिसिजन म्हणजे बांधिलकी: निवड झाली की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. त्यावर मुलीची, तुमची आणि शाळेतल्या काउन्सेलरची अशा तिघांच्या सह्या लागतात. मदत मिळण्याची खात्री नसलेल्या घराने सही करण्याआधी तो आकडा पुन्हा बघावा.

टूरच्या दिवशी आपण काय करायचं? मागे राहायचं आणि गप्प बसायचं. मराठी आईबापांना हे जड जातं, मला माहीत आहे. गाइड उलटा चालत असतो, पन्नासेक माणसं मागे, आणि एखादे बाबा पहिल्या रांगेतून विचारतात, ‘ॲव्हरेज सॅलरी किती?’ शेजारी त्यांचा मुलगा बुटांकडे बघत असतो. तो प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचं उत्तर वेबसाइटवर आहे. तिथे जाऊनच कळणाऱ्या गोष्टी विचारायच्या, आणि त्या मुलीने विचारायच्या. मेजर, म्हणजे मुख्य विषय, आत गेल्यावर बदलता येतो का? कॉम्प्युटर सायन्समध्ये नंतर शिरता येतं का? याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी ‘फार कठीण’ असं असतं, आणि ते माहितीसत्रात ठळक सांगत नाहीत. पहिल्या वर्षाचे वर्ग किती मोठे, शिकवतं कोण? दुसऱ्या वर्षानंतर हॉस्टेल मिळतं की बाहेर खोली शोधावी लागते? शाकाहारी असाल तर डायनिंग हॉलमध्ये पैसे देऊन जेवा. सॅलडपलीकडे काही आहे का, ते स्वतःच्या ताटात दिसतं. मग तिला तासभर एकटीला फिरू द्या आणि तुम्ही कॉफी घेत बसा.

परतीच्या गाडीत ‘मग? कसं वाटलं?’ विचारू नका. आमच्या घरी नियम आहे: पहिलं मत मुलाचं, आणि ते येईपर्यंत इतरांनी तोंड उघडायचं नाही. कधी अर्ध्या तासाने येतं, कधी दुसऱ्या दिवशी. तिला फोनमध्ये चार ओळी लिहून ठेवायला मात्र सांगा, कारण तीन कॉलेजांनंतर सगळ्यांच्या लायब्ऱ्या सारख्याच वाटायला लागतात. शिवाय अनेक कॉलेजं ‘आमच्याकडेच का?’ असा छोटा निबंध मागतात. तिथे या चार ओळी कामाला येतात.

बाकीचं वेळापत्रक फार अवघड नाही. शिफारसपत्रासाठी शिक्षकांना शाळा सुटण्याआधी, म्हणजे मे-जूनमध्येच विचारायचं. कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, दरवर्षी 1 ऑगस्टला नव्याने उघडतं, मुख्य निबंध जास्तीत जास्त 650 शब्दांचा. तो ऑगस्टमध्येच लिहून झाला तर ऑक्टोबरात घर शांत राहतं. एसएटी या प्रवेशासाठीच्या चाचणीबाबत प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा वाचा. एमआयटीने 2022 मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, 2024 मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड अशा कॉलेजांनी चाचणीचे गुण पुन्हा मागायचं जाहीर केलं. उलट कॅलिफोर्नियाची यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॉलेजं निवडीसाठी ते गुण बघतच नाहीत. अर्लीचे निकाल डिसेंबरच्या मध्याला, बाकीचे मार्चअखेरपर्यंत, आणि कुठे जायचं ते सहसा 1 मेपर्यंत कळवायचं. सीनियर वर्षाचे मार्कही कॉलेजला जातात. प्रवेश मिळाला म्हणून ढिलाई केली तर तो रद्द होऊ शकतो.

भांडणांचं म्हणाल तर आठवड्यातला एक दिवस ठरवून टाका. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी अर्धा तास. त्याशिवाय इतर वेळी जेवताना, गाडीत किंवा झोपायच्या आधी कॉलेजचं नाव काढायचं नाही. पोर्टलचे पासवर्ड तिच्याकडे, ईमेल ती लिहिणार, तुम्ही फक्त तारखांची यादी फ्रिजवर लावायची. एकदा ती कॉलेजात गेली की फी तुम्ही भरत असलात तरी तिच्या संमतीशिवाय कॉलेज सहसा तुम्हाला मार्क दाखवत नाही. तेव्हा ही सवय आत्तापासूनच दोघींनाही लागलेली बरी. मंडळाच्या गणपतीत ‘हिची कुठे कुठे अर्ज करायची इच्छा?’ असं विचारणारे भेटतीलच. मुलीच्या परवानगीशिवाय कुणाला यादी सांगू नका. डिसेंबरात नकार आला तर तो तिला चाळीस घरांना समजावून सांगायला लागू नये.

सासूसासऱ्यांना जरूर न्या, पण अधिकृत टूरवर नको. तासा-दीड तासाची पायपीट असते आणि गाइड थांबत नाही. प्रिन्स्टन त्यांना आवडेल. जुन्या इमारती, झाडं आणि बसायला भरपूर बाक. मुलगी टूरला जाईल तोवर त्यांना सावलीत बसवा, मग समोरच्या नासाउ स्ट्रीटवर आइस्क्रीम खाऊ घाला. तिथे फिट्झरँडॉल्फ गेट आहे, त्याच्या मधल्या दारातून पदवीआधी बाहेर पडलं तर पदवीच मिळत नाही असं तिथली मुलं मानतात आणि बाजूच्या दाराने जातात. आजोबांची पदवी केव्हाच झालेली असेल, त्यांना मधूनच न्या आणि फोटो काढा.