चार सामने द्यायचे तर आधी सांगून द्या

प्रिय मित्रा,

निवड समितीवर बसून महिना झाला नाही तोच या प्रश्नाशी गाठ पडली, बरं झालं. तेवीस वर्षांखालच्या संघातला तुझा तो डावखुरा, देवानं हात दिलेत आणि सात डावांत एकदाही तिशी गाठलेली नाही. अर्धी समिती म्हणते, क्लास आहे, धावा येतील. उरलेली विचारते, क्लास स्कोअरबुकात कुठल्या रकान्यात लिहितात? आणि तू मला विचारतोस, कोणाचं ऐकू.

एवढ्यात कोणाचंच नको. आधी तो बाद कसा झालाय ते बघ. स्कोअररशेजारी तासभर बस, चित्रण असेल तर मागव. एकदा धावबाद, एकदा खाली राहिलेला चेंडू, एकदा लेगसाइडला जाता जाता ग्लोव्हला लागून गेलेला झेल, अशी भेळ असेल तर त्याचं नशीब रुसलंय एवढंच, आणि नशिबावर रागावून मुलाला बसवायचं नसतं. (मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगच्या ओल्या मैदानांवरचे भोपळे तर यात धरूच नकोस. तिथे चांगले चांगले लोळतात.) पण सातांपैकी पाच वेळा एकाच पद्धतीनं गेला असेल तर ती गोष्ट तुझ्या आधी समोरच्या गोलंदाजांना कळलेली आहे.

आता दोष सापडला म्हणजे वगळायचं का? विराट कोहलीचं उदाहरण देतो, कारण त्यात एकाच माणसाच्या दोन गोष्टी आहेत. 2014 चा इंग्लंड दौरा. पाच कसोट्या, दहा डाव, 134 धावा. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू आणि त्यामागे जाणारी बॅट. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज अँडरसन, त्या एकट्यानं चार वेळा काढला. संदीप पाटलांच्या राष्ट्रीय निवड समितीनं त्याला काढलं नाही. कोहली दौऱ्यानंतर मुंबईत आला, सचिनबरोबर बसून उभं राहण्याची पद्धत, पुढे जाणारं पाऊल, कमरेची दिशा हे सगळं तपासून गेला. डिसेंबरात ॲडलेडला दोन्ही डावांत शतकं, त्या मालिकेत 692 धावा. 2018 मध्ये इंग्लंडला परत गेला तेव्हा 593.

दुसरी गोष्ट 2024-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याची. पर्थला नाबाद 100 केले, तरी नऊ डावांत मिळून 190. आठ वेळा बाद झाला आणि आठही वेळा झेल यष्टीमागे, यष्टिरक्षकाकडे नाहीतर स्लिपमध्ये. दहा वर्षांपूर्वीचाच आजार. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, आता छत्तीस. मे 2025 मध्ये त्यानं कसोटी क्रिकेट स्वतःच सोडलं, त्यामुळे समितीवर तो निर्णय आलाच नाही. आला असता तर 2014 चं उत्तर पुन्हा देता आलं नसतं, असं मला वाटतं. पंचविशीतल्या माणसाकडे बदलायला वेळ असतो, आणि गडी बदलायला बसलाय हे दिसतंही. शिवाय 2014 च्या इंग्लंड दौऱ्याआधीच कोहलीच्या नावावर सहा कसोटी शतकं होती, त्यांतली तीन परदेशातली: ॲडलेड, जोहान्सबर्ग आणि वेलिंग्टनची. पाटलांच्या समितीनं पाठीशी घातलं ते या शतकांना. तुझ्या डावखुऱ्यानं चांगल्या माऱ्यासमोर, मोठ्या सामन्यात कधी काही केलंय का? नेट्समधला कव्हर ड्राइव्ह मी यात धरत नाही.

बैठकीत कोणीतरी श्रीलंकेच्या मार्वन अटापट्टूचं नाव काढेलच, हमखास निघतं. पहिल्या तीन कसोट्यांतले सहा डाव: पाच शून्यं आणि एक धाव. पुढे त्याच माणसानं सहा द्विशतकं केली. मग ‘बघा, विश्वास ठेवला म्हणून!’ असं म्हणतात. त्या तीन कसोट्यांच्या तारखा विचार त्यांना. 1990, 1992, 1994. श्रीलंकेनं त्याला सलग खेळवलं नव्हतंच. दर वेळी बाहेर काढलं, तो घरी जाऊन धावा करत राहिला, आणि दर वेळी पुन्हा बोलावलं. याला पाठीशी घालणं म्हणायचं की दार उघडं ठेवणं, ते तूच ठरव.

माझा राग खरा आहे तो अर्धवट विश्वासावर. जून 1991 मध्ये लीड्सला वेस्ट इंडिजविरुद्ध इंग्लंडचे दोन फलंदाज एकाच कसोटीत पदार्पण करत होते, ग्रॅम हिक आणि मार्क रामप्रकाश. प्रथम श्रेणीत हिकनं कारकिर्दीत एकूण 136 शतकं केली, रामप्रकाशनं 114. 2006 आणि 2007 या लागोपाठच्या दोन मोसमांत रामप्रकाशची सरासरी शंभराच्या वर होती. आणि कसोटीत? हिक 65 सामने, सरासरी 31. रामप्रकाश 52 सामने, सरासरी 27. सामने काही कमी मिळाले नाहीत, पण मिळाले ते तुकड्यातुकड्यानं: दोन सामने आत, तीन बाहेर, कधी सहाव्या क्रमांकावर, कधी सलामीला. प्रत्येक डाव शेवटचा समजून खेळणारा माणूस ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडत नाही, आणि सोडला तर पुढच्या चेंडूवर घाईनं फटका मारतो. सगळा दोष निवडकर्त्यांचा असं मी म्हणणार नाही. त्या दोघांच्या स्वभावाचाही भाग होता. पण इंग्लंडनं त्यांना धड ठेवलंही नाही आणि धड सोडलंही नाही.

जाता जाता आठवलं. हिकचं पहिलं कसोटी शतक आपल्या वानखेडेवरचं, फेब्रुवारी 1993, 178 धावा. त्याच सामन्यात विनोद कांबळीनं 224 केले होते. विनोदची कसोटी कारकीर्द 17 सामन्यांत संपली, सरासरी 54. कारणं प्रत्येकजण वेगळी सांगतो, त्यात मी शिरत नाही. पण हिकच्या 65 सामन्यांशेजारी हा 17 आकडा ठेवला की मुंबईकराचा जीव आजही तुटतो.

वगळणं म्हणजे शिक्षा, हे मात्र डोक्यातून काढ. फेब्रुवारी 2022 मध्ये पुजारा आणि रहाणेला कसोटी संघातून काढलं तेव्हा रणजी खेळा असं उघड सांगितलं होतं. पुजारा इंग्लंडमधल्या ससेक्स काउंटीकडून धावांच्या राशी घालून जुलैत एजबॅस्टनला परत आला. रहाणे 2023 ला ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात परतला आणि पहिल्या डावात 89 करून गेला. दोघांकडे खेळायला दुसरं मैदान होतं. सगळ्यांत वाईट म्हणजे मुलाला पंधरा जणांच्या संघात ठेवून, अकरात न खेळवता, पाणी घेऊन पळवायचं. त्यात त्याला डावही मिळत नाही आणि क्लबचे सामनेही बुडतात.

कर्णधाराला विचारलंस का? 1971 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी मडगावचा दिलीप सरदेसाई हवाच म्हणून अजित वाडेकरांनी आग्रह धरला होता. किंग्स्टनला 5 बाद 75 असताना त्यानं आणि एकनाथ सोलकरनं डाव उभा केला, स्वतः 212, आणि मालिकेत 642. मैदानात ज्याला त्या फलंदाजाबरोबर उभं राहायचंय त्याला तो नको असेल, तर समितीच्या विश्वासाला फार अर्थ उरत नाही.

आता तुझ्या मुलाचं. पाच वेळा एकाच पद्धतीनं गेला असेल आणि प्रशिक्षक म्हणत असेल की हा ऐकतच नाही, तर या यादीत घेऊ नकोस. क्लबकडे पाठव, आणि परत यायला काय करायला हवं ते स्पष्ट सांग. तो दुरुस्तीला बसला असेल तर तेवीस वर्षांखालच्यांच्या सी. के. नायडू करंडकाचे पुढचे चार सामने त्याला दे, सगळे चौथ्या क्रमांकावर, आणि पहिल्या सामन्याआधी तोंडावर सांग की चारही तुझे आहेत. दुसऱ्यात दोन्ही डावांत भोपळा फोडता आला नाही तरी शब्द फिरवायचा नाही. समितीतलं कोणी मध्येच पलटी मारणार असेल तर तसा शब्द देऊच नकोस.

आणि त्याच्या जागेसाठी थांबलेला जो दुसरा मुलगा आहे, ज्याचं नाव तुझ्या अख्ख्या पत्रात आलेलं नाही, त्यालाही त्याच दिवशी फोन कर. चार सामने तो बाहेर बसणार आहे हे त्याला तुझ्याकडून कळू दे, वर्तमानपत्रातून नको. त्याच्या धावा किती झाल्यात या मोसमात? तेवढं कळव.

तुझा,
काका