वाचकांचे प्रश्न : हशा ग्रेसीचा, मग जॉर्ज कशासाठी?

प्रश्न : जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन या अमेरिकी दांपत्याच्या विनोदी कार्यक्रमांत सारा हशा ग्रेसीलाच मिळतो, जॉर्ज मात्र नुसते प्रश्न विचारत राहतो. या जोडीत त्याचे काम नेमके काय होते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ही वाटणी सुरुवातीला अगदी उलट होती. 1920च्या दशकात व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी, नाच, कसरती आणि नकला एकापाठोपाठ सादर होणाऱ्या रंगमंचावर, हे दोघे प्रथम एकत्र उभे राहिले, तेव्हा विनोदी वाक्ये जॉर्जने स्वतःकडे ठेवली होती आणि ग्रेसीला साधे प्रश्न दिले होते. प्रेक्षक हसले ते तिच्या प्रश्नांना. जॉर्जने ते ओळखले, संहिता फिरवली आणि स्वतः बाजूला सरकला. आपल्या वाट्याची टाळी अशी सोडून देणारे नट फार थोडे. पुढे संहितेची आखणी, लेखकांशी वाटाघाटी आणि हशा ओसरेपर्यंत सिगार ओढत थांबण्याचे कसब, हे सारे त्याचेच होते.

ग्रेसीचे पात्र मूर्ख होते, असे म्हणणे मला पटत नाही. आपण बोलतो ते अगदी तर्कशुद्ध आहे, अशी त्या पात्राची ठाम खात्री असे, आणि तो वेडा तर्क ग्रेसी इतक्या गंभीरपणे मांडत असे की गोंधळून जाण्याची पाळी समोरच्यावर येई.

जानेवारी 1926मध्ये त्यांनी क्लीव्हलंड येथे लग्न केले. तरी 1932पासून रेडिओवर ते बराच काळ एकमेकांशी लाडीगोडी करणारे अविवाहित म्हणूनच वावरले. श्रोते घटू लागले तेव्हा, हे विनोद आता आपल्या वयाला शोभत नाहीत हे जॉर्जच्या ध्यानात आले, आणि 1942च्या सुमारास कार्यक्रमात ते पती-पत्नी झाले. 1950 ते 1958 या काळातील दूरचित्रवाणी मालिकेत तर मध्येच कथानकाबाहेर येऊन तो थेट प्रेक्षकांशी बोलत असे.

1958मध्ये ग्रेसी निवृत्त झाली. जॉर्जने जवळजवळ त्याच सहकलाकारांना घेऊन स्वतःच्या नावाची मालिका काढली. ती एका हंगामातच बंद पडली.