रात्री दोन वाजता कोण उठणार?

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात वर्षाताई माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या. (सर्व नावे आणि काही तपशील बदलले आहेत.) चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे, मुलगी ईरा अकरा वर्षांची आणि सासूबाई बहात्तर वर्षांच्या. ईराला कुत्र्याचे पिल्लू हवे होते, तिच्या वडिलांनी, समीरने, तिला दसऱ्याला आणण्याचा शब्द देऊन टाकला होता आणि वर्षाताईंना दहा दिवस धड झोप लागत नव्हती. "मॅडम, मला कुत्री आवडतात हो. पण घरात सगळे इतके खूश आहेत आणि मीच त्यावर विरजण घालतेय असं वाटतं. मला हे जमेल का, एवढंच सांगा."

पिल्लू आणू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरातून हा 'जमेल का' मी ऐकलेला आहे, तरी या वेळी माझा अंदाज चुकला. मनात कुठेतरी कुत्र्याची भीती असावी असे गृहीत धरून मी पहिली वीस मिनिटे त्यांच्या लहानपणात घालवली आणि त्या मात्र माहेरच्या मोत्याच्या गोष्टी हसत हसत सांगत राहिल्या. शेवटी मी विचारले, "मोत्याचं कोण करायचं?"

"आई," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "आम्ही खेळायचो."

त्या दिवशी मी त्यांना एक कोरा कागद दिला आणि दोन महिन्यांच्या पिल्लाचा दिवस त्यावर उभा मांडला. दिवसातून चार वेळा थोडे थोडे खाणे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच शी-शूच्या जागी नेणे, कारण पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवला तर साधारण तितकेच तास ते दिवसा लघवी रोखू शकते, म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास. दिवसाचे अठरा-वीस तास ते झोपते हे खरे, पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते आणि रात्रीही किमान एकदा कोणाला तरी उठावे लागते. प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्या माणसाचे नाव घरात विचारून लिहा, असे मी सांगितले.

पुढच्या आठवड्यात कागद परत आला. एका कोपऱ्यावर हळदीचा अंगठा उमटलेला होता. एकूण सतरा कामांपैकी बारांपुढे 'मी' लिहिले होते, तीन कामांपुढे 'ईरा' आणि कंसात 'शाळा नसेल तर', आणि दोन कामांपुढे 'समीर'. सगळा मजकूर एकाच हस्ताक्षरात होता. कोणाला विचारले का, या माझ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात? असंच होणार आहे."

अशा वेळी चिंता पिल्लाची नसते. घरातल्या कामांची वाटणी जशी आहे तशीच राहणार आणि तिच्यात आणखी बारा कामांची भर पडणार, हे त्या बाईंनी कोणाशी एक शब्दही न बोलता मान्य करून टाकलेले होते आणि त्यांचे शरीर ते मान्य करत नव्हते. म्हणून पिल्लासाठी घर कसे तयार करावे हे मला कोणी विचारले की मी खरेदीच्या यादीपासून सुरुवात करत नाही. समीरने ती खरेदी केव्हाच उरकली होती: गादी, निळे भांडे, सहा खेळणी आणि मोठ्या अल्सेशियनलाही सैल होईल असा पट्टा.

तिसऱ्या भेटीला समीर आणि ईरा आले. सासूबाई आल्या नाहीत, पण त्यांनी निरोप पाठवला होता: "मी त्याला हाकलणार नाही आणि उचलणारही नाही. माझ्या खोलीत देव आहेत, तिथे ते येता कामा नये." समीरला हा निरोप सांगताना अवघडल्यासारखे झाले. मला मात्र त्या घरात तोवर ऐकलेले हे सर्वांत स्पष्ट वाक्य वाटले. काय करणार आणि काय करणार नाही हे ज्या माणसाने आधीच सांगितले आहे, त्याच्याभोवती व्यवस्था बसवणे सोपे जाते. त्या खोलीच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसले फाटक बसवायचे ठरले. त्याने देव सांभाळले जाणार होते आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंच्या पायांत पिल्लू घुटमळून त्या पडण्याचा धोकाही टळणार होता.

ईरा म्हणाली, "मी सगळं करीन." अकरा वर्षांचे मूल हे खोटे बोलत नाही, त्या क्षणी त्याला तसेच वाटत असते. पण कुत्रा बारा-तेरा वर्षे जगतो, म्हणजे त्याच्या म्हातारपणी ईरा चोवीसच्या घरात असेल आणि बहुधा दुसऱ्या गावी. कुत्रा मुलासाठी आणला तरी तो आईवडिलांचाच असतो, हे मी तिच्यासमोरच तिच्या वडिलांना सांगितले आणि तिच्याकडे दोनच कामे ठेवली: पाण्याचे भांडे आणि संध्याकाळचे खाणे. तिला रील्समधला हस्की हवा होता. पुण्याच्या एप्रिलमध्ये बर्फाच्या देशातली ती दुहेरी लव त्या जनावराला किती जड होईल, हे समजावल्यावर दत्तक देण्यासाठी ठेवलेले देशी पिल्लू बघायला ती तयार झाली.

दुपारचे बारा ते पाच हे तास कोणाच्याच नावावर नव्हते. "मावशी बघतील की," समीर म्हणाला. घरकाम करणाऱ्या त्या मावशींना कोणी विचारले होते का? विचारले तेव्हा त्यांनी पदर बाजूला करून पोटरीवरचा जुना व्रण दाखवला आणि कुत्रा बांधलेला नसेल तर मी यायचे नाही, असे स्वच्छ सांगितले. त्यामुळे दुपार समीरकडे आली. त्याने दोन आठवड्यांची रजा आणि त्यानंतरचे दोन महिने घरून काम मागून घेतले. कागदावर त्याच्या नावापुढे आठ कामे झाली, 'रात्री २' धरून, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने लिहिली. सोसायटीच्या कमिटीची त्याला धास्ती होती, पण भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. घाण उचलणे आणि महापालिकेचा परवाना काढणे मात्र आपले काम.

तारीख आम्ही पुढे ढकलली. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाशी ओळख करून घेते आणि त्या काळात बसलेली भीती पुढे लवकर निघत नाही. दसऱ्याला आठ आठवड्यांचे पिल्लू आणले असते, तर नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या कानांवर दिवाळीचे फटाके आले असते. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, आणि २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकताही येत नाही. तुळशीचे लग्न उरकल्यावर आणायचे ठरले. ईरा एक दिवस रुसली.

मधल्या दिवसांत मी त्यांना एक गोष्ट करायला सांगितली, जी प्रत्येकाला जरा हास्यास्पद वाटते: सर्वांनी अर्धा तास घरभर रांगायचे. उभ्या माणसाला जे दिसत नाही ते गुडघ्यांवर आल्यावर दिसते. टीव्हीमागची वायरींची जुडी, बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमधली फट, कपाटाखाली घरंगळलेली डांबराची गोळी आणि सासूबाईंच्या पलंगाजवळच्या बुटक्या स्टुलावर रात्री भिजत घातलेली मनुकांची वाटी. फाटक चुकून उघडे राहिले असते तर ती वाटी पिल्लाने पहिल्या दिवशीच संपवली असती, आणि मनुका किंवा द्राक्षांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. चॉकलेट आणि कांदा-लसूणही त्याला विषारी. आपल्याकडची दूध-पोळी विषारी नाही, पण तिने बहुतेक पिल्लांचे पोट बिघडते. वाटी सासूबाईंनी स्वतःच फडताळाच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवली.

लसींच्या तारखा कोणी फ्रिजवर लावायच्या, हेही कागदावर आले. पहिली लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे असताना, पुढे सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी, आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची. जंताचे औषध वेगळे. तोवर त्याला रस्त्यावर जमिनीवर सोडायचे नाही, पण घरात कोंडूनही ठेवायचे नाही. कडेवर घेऊन रिक्षा, भाजीवाला, हेल्मेट घातलेली माणसे दाखवून आणायची. दात किंवा नख लागून कातडी फाटली, तर ओरखडा कितीही बारीक असो, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे, हे ईराने पाठ केले होते.

पिल्लू आले. तांबूस, एक कान उभा, एक पडलेला.

अठराव्या दिवशी वर्षाताईंचा फोन आला, आणि हा फोन जवळजवळ ठरलेला असतो. त्या रडत होत्या. "मला ते परत द्यावंसं वाटतंय. त्याच्या डोळ्यांकडे बघवत नाही मला, इतकं वाईट वाटतं हे बोलताना." पिल्लू आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असा पस्तावा पुष्कळांना होतो, तो मनाचा खोटेपणा नसतो आणि त्यावरून आपण निर्दय ठरत नाही, इतके सांगून मी त्यांना कागद घेऊन यायला सांगितले. परत देण्याचा निर्णय कोणी घेतला तर मी त्याला नावे ठेवत नाही, मात्र झोप न झालेल्या माणसाने तो घेऊ नये, असे माझे मत आहे.

कागदावर 'रात्री २ – समीर' तसेच होते. प्रत्यक्षात पिल्लू कुंईकुंई करू लागले की वर्षाताईंना आधी जाग येई आणि समीर उठेपर्यंत त्यांना ते रडणे ऐकवत नसे. अठरा रात्री त्याच उठल्या होत्या. समीर म्हणाला, "मला ऐकूच येत नाही," आणि ते खरे होते, कारण त्याला कधी ऐकण्याची वेळच आली नव्हती. ईरा तान्ही असतानाही असेच झाले असेल का, असे मी विचारले. दोघेही काही बोलले नाहीत.

उपाय वर्षाताईंनीच काढला. घरात एकच खोली अशी होती जिथे पिल्लाला मज्जाव होता. त्यांनी आपली गादी उचलली, सासूबाईंच्या पलंगाशेजारी खाली टाकली आणि फाटकाबरोबर दारही लावून घेतले. पहिल्या रात्री समीरला तब्बल वीस मिनिटांनी जाग आली आणि पिल्लाने तोवर चादर ओली केली होती. तिसऱ्या रात्री तो पाच मिनिटांत उठला. धुतलेली चादर त्यानेच वाळत घातली.

आठवड्याने मला त्यांचा मेसेज आला. आदल्या रात्री पिल्लू पहाटे साडेपाचपर्यंत उठलेच नव्हते. समीर मात्र दोन वाजता आपोआप जागा होऊन, हातात पट्टा घेऊन, त्याच्याकडे बघत बसला होता.