सोलापूरजवळच्या डबक्यातला सूक्ष्म जीव नवीन जातीचा आहे, हे कसं ठरवायचं?

हिप्परग्याच्या वाटेवरच्या खदानीत साचलेल्या पाण्यात तुम्हाला मिलिमीटरभर लांबीचा, लांब मिशांचा, तांबूस जीव दिसला आणि इंटरनेटवर तसं चित्र कुठेच नाही, म्हणून हा प्रश्न. वर्णनावरून तो डायाप्टोमिड कुळातला कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातला पाण्यातला बारीक जीव वाटतो, सायक्लॉप्सचा भाऊबंद. घरातल्या जुन्या माणसांना विचारा, विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून प्यायचे ते नारूच्या भीतीने. नारूची अळी पोटात वागवणारा सायक्लॉप्स त्या फडक्यात अडकायचा.

मी इथेच पदवीच्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवतो. चित्र मिळालं नाही एवढ्यावर जीव नवीन ठरत नाही. तांबूस रंगालाही भुलू नका. तो कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्याचा असतो आणि खाण्याप्रमाणे, उन्हाप्रमाणे कमी-जास्त होतो.

सुरुवातीच्या काळात मलाही असाच एक 'नवीन' सापडला होता. चार महिने रात्री जागून आकृत्या काढल्या आणि एका जाणत्या अभ्यासकाला पाठवल्या. त्यांनी उलट एवढंच विचारलं, "पोटाचे खंड मोजलेत का?" मोजले, तर एक कमी. तो पूर्ण वाढलेला नव्हताच. कोपेपॉडची अंड्यातून निघाल्यावर आधी सहा नॉप्लियस रूपं होतात, मग पाच कोपेपोडिड रूपं, तेव्हा कुठे प्रौढ. अर्धवट वाढलेले पाय मी नव्या जातीची खूण समजलो होतो. फार वाईट वाटलं, पण तेव्हापासून प्रौढ नर हाती आल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही.

नरच का? या कुळात जातीची ओळख मुख्यतः नराच्या पायांच्या पाचव्या जोडीवर ठरते. उजवा पाय मोठा, टोकाला वाकडी नखी, डावा आखूड. नखीचा बाक, नखी ज्या खंडावर असते त्याच्या कडेचा काटा नेमका कुठे, हे सगळं बघावं लागतं. त्यासाठी जीव ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून बारीक सुयांनी पाय सोडवायचे. हात बसायला पन्नासेक जीव वाया जातात, म्हणून एकावर भागत नाही. नर-मादी दोन्ही, भरपूर हवेत. मग त्या वंशातल्या, म्हणजे जीनसमधल्या, आजवर वर्णन झालेल्या प्रत्येक जातीशी ताडून बघायचं. खरा वेळ इथेच जातो, कारण कित्येक वर्णनं जुनी, त्रोटक, काही तर जर्मनमध्ये आहेत.

(शाळेच्या पुस्तकात 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज; वर्तमानपत्रं उलटं लिहितात. मी 'जाती' म्हणतोय ते स्पीशीज या अर्थी.)

सगळ्यांपेक्षा वेगळा निघालाच, तर नावाचं काम तुलनेने सोपं. 'सोलापुरेन्सिस' चालेल, त्या वंशात ते आधी कुणी दिलेलं नसलं तर. स्वतःचं नाव देण्याची रीत नाही. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे 2000 पासून होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार असलेला एक नमुना, शोधनिबंधात स्पष्ट सांगावा लागतो. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदही हवी. शिवाय 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार नवीन जातीचा नमुना सरकारमान्य संग्रहालयात जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण आहे, त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

आत्ता लगेच करायचं ते असं. अर्धे जीव 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, अर्धे 4 टक्के फॉर्मॅलिनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये आकार टिकतो पण डीएनए खराब होतो. तारीख आणि ठिकाण कागदावर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. खदान आटली असली तरी काळजी नको. तळाची सुकी माती पिशवीभर आणा, या जीवांची टिकाऊ अंडी तिच्यात असू शकतात. घरी पावसाचं पाणी घालून दोन आठवडे रोज बघत राहा.