तेलात बुडवून ‘पाणी’ कसे देणार?

प्रश्न असा : स्प्रिंगचे पोलाद कडक करायला तापवून तेलात बुडवतात. मग प्रयोगवहीत ‘पाणी दिले’ लिहावे, की झटकन थंड करण्याचा पारिभाषिक शब्द वापरून ‘शमन केले’?

‘पाणी देणे’ शब्द म्हणून अगदी बरोबर आहे. मोत्याचे पाणी, माणसाचे पाणी जोखणे, यात पाणी म्हणजे तेज, कस. पोलादाचे पाणीही तेच. कोयता ग्राइंडरवर निळा पडेपर्यंत तापला की मऊ होतो, त्याला ‘पाणी उतरले’ म्हणतात. म्हणून तेलात बुडवूनही पाणी देता येते.

अडचण दुसरीच आहे. या एका शब्दात दोन क्रिया आहेत. लोहार लाल छिन्नीचे फक्त टोक बुडवतो, वरच्या भागातली धग टोकाकडे उतरू देतो, हवा तो रंग चढला की सगळी छिन्नी बुडवतो. झटकन थंड करणे आणि ठिसूळपणा काढणे, दोन्ही एकाच तापात! प्रयोगशाळेत ती वेगळी होतात. ईएन ४५ या सिलिकॉनयुक्त स्प्रिंग-पोलादाची १० मिमी जाड पट्टी ८७० अंश सेल्सिअसला वीसेक मिनिटे ठेवायची आणि दोन-तीन सेकंदांत ५०-६० अंशांच्या तेलात घालायची. कोमट तेल पातळ असते, उष्णता लवकर ओढते. पट्टी वरखाली हलवत राहावी, नाहीतर वाफेचे आवरण चिकटून मऊ डाग राहतात. आता कठीणपणा ‘रॉकवेल सी’ या मोजपट्टीवर ६०च्या आसपास, पण पट्टी पडली तरी तुटेल. लगेच ४५०-४८० अंशांवर तासभर टेंपर केली, म्हणजे ठिसूळपणा काढायला पुन्हा तापवली, की कठीणपणा ४५च्या आसपास येतो आणि लवचीकपणा मिळतो.

अशा वहीत ‘पाणी दिले’ वाचून पुढचा विद्यार्थी खरोखर बादलीत बुडवेल. साधारण ३०० अंशांखाली हे पोलाद कडक होताना फुगते. पाण्यात बाहेरचा थर आधी कडक होतो, गाभा मागाहून फुगतो आणि पट्टी तडकते.

‘शमन’ मला पटत नाही. शमन तहानेचे, रागाचे होते. इथे उलट पोलादात ताण भरतो, शमन झालेच तर ते टेंपरिंगमध्ये. सरळ ‘तेलात विझवले’ आणि ‘टेंपर केले’ लिहावे, पुढे तापमान आणि वेळ. दोन्ही मिळून बोलताना ‘पाणी दिले’ खुशाल म्हणावे.

कानस लागते, म्हणजे पट्टी कानशीने घासली जाते, म्हणून ‘पाणी चढले नाही’ असे मात्र लगेच लिहू नये. सिलिकॉनच्या पोलादाचा वरचा कार्बन भट्टीत सहज जळतो. अर्धा मिलिमीटर घासून मगच कठीणपणा मोजावा.