टेक्स्टएरियाच्या जागी एडिटर बसवताना

प्रश्न : मी रिअ‍ॅक्टमध्ये (वेबपाने बांधण्याच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत) टिपणे लिहिण्याचे एक छोटे वेब अ‍ॅप तयार केले आहे. आतापर्यंत टेक्स्टएरियावर (साध्या मजकुराच्या चौकटीवर) काम भागत होते. आता ठळक अक्षरे, उपशीर्षके, याद्या आणि चित्रे हवी आहेत. आधी एका डिव्हला (पानावरच्या चौकटीला) कंटेंटएडिटेबल, म्हणजे थेट लिहिता येणारे, करून पाहिले, तर प्रत्येक अक्षरागणिक कर्सर मजकुराच्या सुरुवातीला जातो. मग क्विल ही तयार एडिटरची लायब्ररी घेतली, तर टूलबार दोनदा दिसतो. शिवाय डेटाबेसमध्ये नेमके काय साठवावे, हेही ठरत नाही. कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर : आपल्या पहिल्या दोन अडचणींचे मूळ एकच आहे, एकाच डिव्हवर दोघांचा हात, आणि तिसरीचा निकाल खरे तर सर्वांत आधी लावायला हवा होता. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

टेक्स्टएरियातून अक्षरांची एक सरळ माळ मिळते. एडिटरमधून मिळतो तो रचना असलेला दस्तऐवज. ही रचना एचटीएमएलच्या रूपात ठेवायची की एडिटरच्या स्वतःच्या जेसन (डेटा लिहिण्याचा मजकुरी साचा) रूपात, हे लायब्ररी निवडण्याआधी ठरवावे. क्विलचे जेसन रूप ‘डेल्टा’ या नावाने ओळखले जाते. ‘उद्या बैठक आहे’ या वाक्यात ‘बैठक’ हा शब्द ठळक केला, तर डेल्टामध्ये तीन तुकडे दिसतात: आधी ‘उद्या’ आणि त्यापुढची मोकळी जागा, मग ‘बोल्ड’ हा गुणधर्म लावलेला ‘बैठक’, आणि शेवटी ‘आहे’सह ओळ संपवणारे चिन्ह. गंमत अशी की तीच ओळ उपशीर्षक केली, तर ते शीर्षकपण शब्दांना न चिकटता ओळ संपवणाऱ्या त्या चिन्हाला चिकटते. एकदा हे लक्षात आले की क्विलचे बरेचसे वागणे आपोआप उलगडते.

माझा कौल असा: हा मजकूर पुन्हा त्याच एडिटरमध्ये उघडून दुरुस्त होणार असेल, तर जेसन हीच मूळ प्रत मानावी आणि दाखवण्यापुरते एचटीएमएल त्यातून तयार करावे. मजकूर एकदाच लिहून ईमेलने पाठवायचा असेल, तर एचटीएमएल पुरेसे आहे. मायएसक्यूएल वापरत असाल, तर रकान्याचा प्रकारही आताच पाहून घ्या. तिथल्या ‘टेक्स्ट’ रकान्यात ६५,५३५ बाइट मावतात, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात, त्यामुळे ‘क्षि’ एवढ्या एका अक्षराचेच १२ बाइट होतात. त्यात टॅगांची भर पडली की लांब टिपण मर्यादेला सहज भिडते. ‘मीडियमटेक्स्ट’ घेतल्यास हा प्रश्न उरत नाही.

आता कर्सरकडे वळू. आपण बहुधा प्रत्येक अक्षरानंतर डिव्हचे इनरएचटीएमएल (आतला एचटीएमएल मजकूर) वाचून स्टेटमध्ये (घटकाच्या स्मृतीत) ठेवत असाल आणि तेच पुन्हा डिव्हला देत असाल. ते पुन्हा लिहिले जाताच आतले सगळे नोड (रचनेतले घटक) नष्ट होऊन नवे तयार होतात. कर्सर ज्या नोडमध्ये उभा होता तो नोडच उरत नाही, आणि ब्राउझर त्याला आरंभी नेऊन ठेवतो. फोनेटिक कळफलकाने मराठी टाइप करताना हा घोळ आणखी वाढतो, कारण अक्षर जुळून येत असताना, म्हणजे कंपोझिशनस्टार्ट आणि कंपोझिशनएंड या दोन इव्हेंटांच्या मधल्या काळात, डॉममध्ये (ब्राउझरने सांभाळलेल्या पानाच्या रचनेत) ढवळाढवळ झाली की अर्धवट अक्षरे दुबार उमटतात किंवा गळून पडतात. केवळ रोमन अक्षरे टाइप करून चाचणी घेणाऱ्यांना हा दोष दिसतच नाही.

कंटेंटएडिटेबलवर स्वतः एडिटर उभारण्याच्या फंदात मात्र पडू नये. मजकूर ठळक करणारी एक्झेककमांड ही जुनी आज्ञा आता कालबाह्य ठरवली गेली आहे, आणि ती सर्रास वापरली जात होती तेव्हाही एक ब्राउझर ‘बी’ टॅग घालत असे, तर दुसरा ‘स्ट्राँग’. प्रोझमिरर, त्यावर बेतलेला टिपटॅप, मेटाने २०२२ मध्ये खुला केलेला लेक्सिकल आणि क्विल हे चारही पर्याय दस्तऐवजाची स्वतःची प्रतिकृती सांभाळतात. आपली गरज पाहता क्विल पुरेसा आहे. तक्ते किंवा स्वतःचे खास ब्लॉक हवे असतील तर टिपटॅप पाहावा. टायनीएमसीईचा विचार असेल, तर सातव्या आवृत्तीपासून त्याचा परवाना मोकळ्या एमआयटीऐवजी अधिक अटींचा जीपीएल झाला आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

दोन टूलबारांचे कारण असे. स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुका लवकर दिसाव्यात म्हणून असलेल्या तपासणीत) रिअ‍ॅक्ट १८ आणि पुढच्या आवृत्त्या विकासाच्या वेळी प्रत्येक यूजइफेक्ट (घटक पानावर आल्यावर चालणारा कोड) मुद्दाम दोनदा चालवतात. क्विल आपला टूलबार दिलेल्या डिव्हच्या आत न ठेवता त्याच्या अलीकडे, शेजारी ठेवतो. त्यामुळे तो डिव्ह रिकामा केला तरी पहिला टूलबार मागे राहतो. उपाय सोपा आहे. रेफ (घटकाला धरून ठेवणारा दुवा) बाहेरच्या डिव्हला द्यावा, इफेक्टमध्ये त्याच्या आत नवा डिव्ह तयार करून क्विल त्यावर बसवावा आणि क्लीनअपमध्ये (इफेक्ट आवरताना चालणाऱ्या भागात) बाहेरचा डिव्ह पूर्ण रिकामा करावा. स्ट्रिक्ट मोड बंद करून टूलबार लपवणे म्हणजे दुखणे झाकणे होय. एडिटर एकदा बसला की त्या डिव्हच्या आतला डॉम त्याच्या मालकीचा. रिअ‍ॅक्टने तिथे हात घालू नये. मजकूर बदलल्याची सूचना ‘टेक्स्ट-चेंज’ या इव्हेंटमधून घ्यावी, आणि तोच मजकूर प्रॉपमधून (घटकाला बाहेरून मिळणाऱ्या मूल्यातून) परत आत ढकलू नये, नाहीतर कर्सरचे रडगाणे पुन्हा सुरू होईल.

चित्रांबाबत एक सूचना. क्विल मुळात चित्र बेस६४ (म्हणजे अक्षरांत रूपांतर) करून मजकुरातच कोंबतो, आणि ३ एमबीचे छायाचित्र त्यामुळे ४ एमबीचा मजकूर होऊन बसते. टूलबारवरील चित्राच्या बटणासाठी स्वतःचा हँडलर लिहून फाइल सर्व्हरवर चढवावी आणि मजकुरात केवळ तिचा पत्ता ठेवावा.

प्रश्न : एडिटर मोजकेच टॅग स्वीकारतो, तर सर्व्हरवर पुन्हा एचटीएमएल गाळण्याची गरज आहे का?

उत्तर : आहे, कारण खोडसाळ माणूस आपला एडिटर उघडतच नाही, तो थेट एपीआयला (सर्व्हरच्या दाराला) विनंती पाठवतो. ज्याचे चित्र मिळतच नाही असा इमेज टॅग आणि त्यात ऑनएररची (चित्र न मिळाल्यास चालणाऱ्या कोडची) एक ओळ, एवढ्यावर वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये त्याची स्क्रिप्ट चालू शकते. डॉमप्युरिफाय ही एचटीएमएल गाळणारी लायब्ररी जेएसडॉमच्या साहाय्याने नोड.जेएसवर, म्हणजे सर्व्हरवरही, चालते. तिला परवानगी असलेल्या टॅगांची छोटी यादी द्यावी, आणि दुव्यांचे पत्ते ‘जावास्क्रिप्ट’ने सुरू होत नाहीत ना, याची चाचणी स्वतः लिहावी.

प्रश्न : मजकूर अनिवार्य असूनही रिकामा फॉर्म जमा होतो. असे का?

उत्तर : रिकाम्या क्विलमध्येही एक परिच्छेद आणि त्यात ओळ तोडणारा टॅग असतो, त्यामुळे एचटीएमएलची माळ रिकामी नसते. लांबी मोजणारी गेटलेंग्थसुद्धा तिथे १ सांगते. गेटटेक्स्टमधून आलेला मजकूर ट्रिम करून तपासावा, आणि टिपणात केवळ चित्र असेल तर तेही ग्राह्य धरावे.