स्क्रॅच पुसू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. पहिला अल्बम लोकांना आवडला, दुसऱ्यासाठी पैसे उभे राहिले, मोठा स्टुडिओ आणि व्हायोलिनचा ताफाही मिळतोय. आणि आता घरी गायलेले स्क्रॅच (गाण्यांची पहिली, तात्पुरती मुद्रणं) तुला कच्चे वाटायला लागले आहेत. ते बाजूला सारून सगळी गाणी स्टुडिओत पहिल्यापासून पुन्हा गाऊन डब करायची, असं तुझ्या मनात आहे. जरा थांब. त्याआधी ब्रिटिश गायिका अडेलचा दुसरा अल्बम ‘21’ पुन्हा एकदा शांतपणे ऐक. तुझा तो अल्बम पाठ असेल, मला ठाऊक आहे. या वेळी प्रत्येक गाण्यापाशी थांबून एवढंच विचार, की हाच टेक, म्हणजे नेमकं हेच मुद्रण, का ठेवलं असेल?

2008 च्या जानेवारीत तिचा पहिला अल्बम ‘19’ आला आणि पुढच्या वर्षी त्याने तिला दोन ग्रॅमी मिळवून दिले. त्यातला एक सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचा होता. तू आज जिथे उभी आहेस तिथेच ती तेव्हा उभी होती, फक्त जग तिच्याकडे बघत होतं. 2009 मध्ये दुसऱ्या अल्बमचं काम सुरू झालं आणि अडलं. त्या पहिल्या प्रयत्नातून ‘टेक इट ऑल’ हे एकच गाणं हाती लागलं. नवीन काही सुचत नसेल तर घाबरू नकोस, एवढ्यासाठी हे सांगतोय. पहिल्या अल्बममध्ये माणूस लहानपणापासून साठवलेलं सगळं ओतून टाकतो. दुसऱ्यासाठी साठा पुन्हा भरावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

तिचा साठा कुठून भरला हे बघण्यासारखं आहे. अमेरिकेच्या दौऱ्यात तिच्या बसचा ड्रायव्हर नॅशव्हिलचा होता. त्याने तिला कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण वळणाचं, संगीत ऐकवलं. लंडनमध्ये वाढलेल्या, सोल आणि पॉपवर पोसलेल्या या मुलीला ते नवीन होतं. तिने काउबॉय टोपी घातली नाही. त्या गाण्यांची एक रीत मात्र उचलली: आडवळण न घेता गोष्ट सांगायची, आणि ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी सरळ बोलायचं. ‘21’ मधली गाणी कोणा एका माणसाला समोर बसवून गायल्यासारखी वाटतात, त्याचं मूळ मला इथे दिसतं. तूही दौऱ्यावर असशील तेव्हा हेडफोन काढून ठेव. चालक काय लावतो ते ऐक.

आता स्क्रॅचकडे येतो.

‘रोलिंग इन द डीप’ ती लंडनमध्ये निर्माता पॉल एपवर्थसोबत करायला बसली, तेव्हा तिचं नातं नुकतंच तुटलं होतं. तिला संथ, दुःखी गाणं करायचं होतं. एपवर्थला त्यात राग हवा होता. बराच वेळ काही जमेना. मग तिने वाद्याविना पहिल्या कडव्याची चाल धरली आणि त्याने गिटार उचलून तिच्यामागे स्वर शोधले. गाण्याचा ठेका आपल्या धडधडत्या छातीच्या ठोक्यांवर बेतला, असं तिनेच पुढे सांगितलं. ते डेमो म्हणून, म्हणजे तुझ्या स्क्रॅचसारखाच कच्चा नमुना म्हणून, मुद्रित झालं. नंतर तोच आवाज पुन्हा गायचा प्रयत्न झाला, पण डेमोतली धग पुन्हा आली नाही. त्यामुळे जगाने जो आवाज ऐकला तो डेमोतलाच आहे.

हेडफोन लावून सुरुवात ऐक. दाबून धरलेली गिटार, थोड्या वेळाने खालून येणारा ड्रमचा ठोका, आणि आवाज अगदी जवळ, बोलण्याच्या पट्टीत. शब्द ती ठोक्याच्या किंचित मागे टाकते. ध्रुवपदात वर चढते तेव्हा स्वराची कड खरखरते. एखादा काळजीखोर रेकॉर्डिस्ट नेमक्या त्याच जागी गाणं थांबवून म्हणाला असता, ‘मॅडम, एकदा पंच करू या, तेवढाच तुकडा पुन्हा गा.’ ती खरखर गेली असती, आणि गाणंही गेलं असतं.

दुसरा प्रसंग पैशांचा आहे, म्हणून तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचा. रिक रुबिन हा मोठा निर्माता. कॅलिफोर्नियातल्या मालिबूमध्ये त्याने तिच्यासाठी नामवंत वादक बसवले. बासवर पिनो पॅलाडिनो, ड्रमवर ख्रिस डेव्ह. सगळे एका खोलीत, एकमेकांकडे बघत वाजवत होते. याहून चांगली बैठक कुठल्या गायिकेला मिळणार? तरीही घरी परतल्यावर तिने आणि तिच्या कंपनीने त्यातली बरीच मुद्रणं बाजूला ठेवली आणि आधीची रूपं निवडली. रुबिनची चार गाणी अल्बमवर राहिली, आणि ती चांगली आहेत. ‘ही वोन्ट गो’चा ठेका तर मी विद्यार्थ्यांना वाजवून दाखवतो. म्हणजे मोठा स्टुडिओ वाईट, असं माझं म्हणणं नाही. कुठलं गाणं तिथे फुललं आणि कुठलं कोमेजलं, हे खर्चाचा आकडा विसरून ठरवता आलं पाहिजे. बाविशीही न ओलांडलेल्या मुलीने ते ठरवलं. या अल्बममध्ये मला सगळ्यात मोठा गुण तोच वाटतो, आवाजापेक्षाही.

तिसरं ‘समवन लाइक यू’. हे गाणं डॅन विल्सनसोबत लॉस एंजेलिसमध्ये दोन दिवसांत झालं. तिथे बनलेला डेमोच जवळपास तसाच अल्बमवर आला: एक पियानो आणि एक आवाज. पियानोचे सुटे स्वर बहुतेक गाणंभर एकाच चालीने वाहत राहतात, एकदाही मिरवत नाहीत. त्यामुळे सगळा चढउतार गळ्यावर येतो. कडवं खालच्या स्वरांत, जवळजवळ पुटपुटल्यासारखं. ध्रुवपदाला ती एकदम वर झेपावते, आणि कोणी मदतीला नसतं. तुझ्या अरेंजरला (वाद्यांची रचना करणाऱ्याला) ही जागा दिली तर तो काय करेल? ध्रुवपदाला व्हायोलिन, दुसऱ्या कडव्याला चेलो, शेवटाला कोरस. त्याचं चुकत नाही, त्याचं ते कामच आहे. नाही म्हणायचं काम तुझं.

15 फेब्रुवारी 2011 ला लंडनच्या ब्रिट पुरस्कार सोहळ्यात तिने हे गाणं फक्त पियानोवर गायलं. अशा सोहळ्यांत एरवी दिवे, नर्तक, आतषबाजी यांचा थाट असतो. त्या आठवड्यात गाणं ब्रिटनच्या यादीत 47 व्या क्रमांकावरून थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. अल्बमचे पुढचे आकडे तुला माहीत असतील: अमेरिकेत 24 आठवडे आणि ब्रिटनमध्ये 23 आठवडे पहिल्या क्रमांकावर, जगभरात तीन कोटींहून अधिक प्रती, आणि 2012 च्या ग्रॅमीमध्ये सहाच्या सहा पुरस्कार.

या यशाचा एक चुकीचा अर्थ आपल्याकडेही फार फिरतो. मन मोडल्याशिवाय मोठं गाणं होत नाही म्हणे. हे तू मनावर घेऊ नकोस. ‘टेक इट ऑल’ नातं तुटायच्या आधीचं आहे आणि ते या अल्बमवर जराही उपरं वाटत नाही. ‘लव्हसाँग’ तर द क्युअर या बँडचं जुनं गाणं. दुःख हजारो जणांकडे असतं. ते ज्या दिवशी ताजं होतं त्या दिवशी माइक चालू होता, आणि नंतर कोणी त्या टेकला इस्त्री केली नाही, यामुळे हा अल्बम झाला. तुझी गाणी आजीवर आहेत, गावावर आहेत. ती तशीच राहू देत. प्रेमभंग शोधत बसू नकोस.

सगळंच मला आवडतं असंही नाही. ‘सेट फायर टू द रेन’मध्ये वाद्यांची भिंत इतकी उंच आहे की अडेलला सतत ओरडून त्या भिंतीवरून यावं लागतं. पूर्ण अल्बमची लेव्हलही (आवाजाची पातळी) इतकी वर ठेवली आहे की हळू जागा हव्या तितक्या हळू राहत नाहीत. तुझ्या मास्टरिंगच्या वेळी, म्हणजे अल्बमवर शेवटचा हात फिरवताना, हे लक्षात ठेव. लहान आवाज लहान राहिला, तरच मोठ्याला किंमत येते.

आता कामाचं. स्क्रॅच पुढे वापरायचा असेल तर तो वापरण्याजोगा हवा. म्हणून चाल बांधून झाली की आधी पट्टी पक्की कर. काळी दोनमध्ये गायलेला स्क्रॅच पांढरी तीनवर चढवलास की त्याचा जीव जातो. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या लयीच्या टकटकीवर गा, पण हेडफोन घट्ट बसव, नाहीतर क्लिक माइकमध्ये शिरते आणि नंतर निघत नाही. फाइल 24 बिटची ठेव. कानाला रिव्हर्ब (घुमारा) हवा तर खुशाल घे, तो मुद्रित होऊ देऊ नकोस. पंखा बंद. कपड्यांच्या कपाटासमोर उभी राहा, भिंतीसमोर नको. आणि शब्दांची शाई वाळायच्या आत गा. दुसऱ्या दिवशी तू ते गाणं ‘चांगलं’ गायला लागशील.

मोठ्या स्टुडिओत जरूर जा. आवाजही तिथे पुन्हा दे. मग दोन्ही टेक एकाच लेव्हलला आण, कारण जो मोठा वाजतो तो कानाला नेहमी चांगलाच वाटतो. नावं झाकून आठवड्याभराने ऐक. गाण्यातलं काही कळत नाही अशा एखाद्या माणसालाही ऐकव. त्याला कुठला आवडला हे विचारायची गरज नाही, तो मोबाइलकडे कधी बघतो तेवढं बघ.

शेवटी गळ्याबद्दल, आणि हे मी हात जोडून सांगतोय. ‘21’ च्या दौऱ्यात अडेलचा आवाज वारंवार बसला. 2011 च्या उत्तरार्धात स्वरतंतूंत रक्तस्राव झाल्याने उरलेले कार्यक्रम रद्द करावे लागले आणि नोव्हेंबरमध्ये बोस्टनला शस्त्रक्रिया झाली. कित्येक आठवडे तिला मौन पाळावं लागलं. फेब्रुवारीत ग्रॅमीच्या मंचावर ती परत गायली, हे नशीब आणि चांगले डॉक्टर. तुझ्या मॅनेजरने डिसेंबरमध्ये सलग रात्रींचे कार्यक्रम धरले आहेत, त्यातही लग्नाचे हंगामी. अल्बमचं डबिंगही त्याच महिन्यात. दोन्ही एकत्र होणार नाही. डबिंग नोव्हेंबरात संपव किंवा कार्यक्रम सोड. तारखांवर सही करण्याआधी घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घे, आणि त्यांचा कागद मला व्हॉट्सॲपवर पाठव. मॅनेजरशी मी बोलतो.

तुझा,
काका